एकवीस अंदाज, सगळे बरोबर

"माझी भीती नेमकी कोणत्या तारखेला जाणार?"

प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हताच. माझ्या मैत्रिणींनी, अलमास आणि पूर्वीने, पैज लावली होती. "तुमचा यंत्रमानव एवढा हुशार ना? मग विचार की तारीख! बघ, घाबरलीस!"

घाबरले होतेच! मला सामाजिक भीती (चारचौघांत आपलं हसं होईल अशी सततची धास्ती) आहे, म्हणून तर तीन महिने दर गुरुवारी विनाचालक बसने मी नलवडे मॅडमच्या उपचार केंद्रात जाते. कयास हा त्यांचा मदतनीस यंत्रमानव. उंची माझ्या कमरेएवढी, आवाज बातम्या वाचणाऱ्याचा.

"तारीख सांगता येत नाही, शलाका," तो म्हणाला. "संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, याचं माप) सांगतो. पुढच्या भेटीआधी आकस्मिक सुधारणेची शक्यता दहात एक."

दहात एक! शनिवारी विज्ञान प्रदर्शनात आमच्या तिघींच्या पवनचक्कीबद्दल कोण बोलणार, ते नाव उद्या द्यायचं होतं. गेल्या वर्षी मी परीक्षकांसमोरून चक्क पळाले होते. यंदा बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं, "अलमास बोलेल. तू नुसतं बटण दाब."

मॅडमनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक हळूहळू उतरणारी. दुसरी बराच वेळ सपाट, मग धाडकन खाली.

"ही दुसरी म्हणजे आकस्मिक सुधारणा (दोन भेटींच्या मधे त्रास एकदम खूप कमी होणं आणि कमीच राहणं). सगळ्यांना अशी होत नाही. पहिल्या रेघेची माणसंही बरी होतात बरं! पण रेघ कोसळण्याआधी काही खुणा दिसतात का, ते कयास शोधतो."

"कुठे शोधतो?"

"तुझ्या वहीत."

मेले! भीती वाटणारं काही करण्याआधी 'काय होईल' ते वहीत लिहायचं आणि केल्यावर 'काय झालं' ते.

"एकवीस प्रयोग," कयास म्हणाला, "आणि एकवीसही अंदाज बरोबर. 'कॅन्टीनमध्ये वडापाव मागितला तर काही होणार नाही.' काही झालं नाही. इतका अचूक माणूस मी पाहिलेला नाही."

मॅडम खो खो हसल्या. "अगं, शाळेच्या जर्नलसारखं लिहिलंस की काय? आधी उत्तर, मग प्रयोग?"

माझे कान तापले. शाळेत सगळ्यांसमोर वही कशी काढणार? मी घरी येऊन दोन्ही रकाने एकदमच भरायचे, छान अक्षरात.

"मग भीतीचा खरा अंदाज वहीत आलाच नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळे हसतील म्हणून गेलीस आणि कुणी मान वर करूनही पाहिलं नाही, तर मेंदू चकित होतो. जुनं मत बदलायला लागतो. असे चुकलेले अंदाज साठले, की कयासचा आकडा वाढतो. चल, आत्ता लिही."

लिहिलं. 'बाहेरच्या खोलीत थांबलेल्यांना मोठ्याने वेळ विचारली, तर आवाज फाटेल, सगळे हसतील, मी रडेन.'

गेले. विचारलं. आवाज फाटलाच! एक आजोबा शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाले, "सव्वापाच." बस्स. बाकी कुणी हललंसुद्धा नाही.

"एक बरोबर, दोन चूक," कयास म्हणाला. "आता दहात दोन."

"एवढंच?"

"एका प्रयोगावरून याहून जास्त सांगितलं, तर ती थाप होईल. रेघ धाडकन कोसळली नाही, तरी हळूहळू उतरणारी रेघ आहेच."

घरी पोचले तेव्हा अलमासचं नाव द्यायला बाबा शाळेतल्या सरांना फोन लावत होते.

"बाबा, थांबा. नाव माझं द्या."

"भीती गेली का गं?" आईने विचारलं.

"छे! जशीच्या तशी आहे."

"अगं, मग गेल्या वर्षीसारखं..."

"गेल्या वर्षी मी आधी काही लिहिलंच नव्हतं, आई. आज बसमध्ये, सगळ्यांच्या देखत, चौदा भयंकर गोष्टी लिहिल्यात. त्यातल्या किती खऱ्या होतात ते मला बघायचंय. शनिवारी मी बोलणार!"