तलावकाठच्या चाळीस सह्या

तिसाव्या प्रतीतही ते पान नव्हतं.

मुद्रितशोधक बाईंनी पुस्तक मिटलं. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा आपल्याच शहराला मिळाव्यात म्हणून केलेला तो जाडजूड प्रस्ताव. शहरात कालच उतरलेली परदेशी पाहणी समिती तासाभरात सभागृहात येणार, आणि तीसच्या तीस प्रतींतून एकच पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक प्रस्ताव मंडळाच्या अध्यक्षांकडे, दुसरी बाइंडरकडे. आणि बाइंडर म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ.

अध्यक्षांनी निकाल लावूनही टाकला होता. पानावर स्टेडियमचा नकाशा होता, प्रतिस्पर्धी शहरानं बाइंडरला फितवलं, पोलीस निघालेत. चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेला दादा स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

बाईंना मात्र त्या पानाची पाठ आठवत होती. बोटींच्या शर्यतींसाठी घरं सोडायला तयार झालेल्या तलावकाठच्या चाळीस कुटुंबांच्या सह्या. शेवटच्या प्रुफावर त्यांनी तिथं लाल प्रश्नचिन्ह केलं होतं. त्याखाली अध्यक्षांचा हातानं लिहिलेला शेरा आला होता, ‘वेळ नाही, छापा.’

"तुम्ही स्वल्पविराम बघा," अध्यक्ष म्हणाले. "चोर आम्ही बघतो."

बाईंनी एक प्रत उघडून झटकली. कापलेल्या पानाचं जोडपान, म्हणजे त्याच दुमडलेल्या कागदाचं दुसरं अर्ध, सुटून जमिनीवर पडलं. दुसरी झटकली. तेच.

"दादा, तू पान कसं कापलं असतंस?"

"शिवणीलगत बोटभर पट्टी ठेवून. मुळाशी कापलं की जोडपान सुटतं. नवशिक्यालाही कळतं."

"मुद्दाम अडाण्यासारखं कापलं असेल," अध्यक्ष म्हणाले.

"असेल. पण नकाशा विकायला एक पान पुरे होतं. तीस कशाला?"

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या दुभाषी मुलीला विचारलं, काल समितीच्या प्रमुखांनी गाडीत काही मागितलं होतं का.

"हो. सह्या केलेल्या कुटुंबांना भेटायचंय म्हणाल्या."

"ऐकायला कोण होतं?"

"मी आणि अध्यक्षसाहेब."

बाई सावकाश बोलल्या. पान कुणाला हवं होतं म्हणून गेलं नव्हतं, कुणाला तरी ते नको होतं. कालची मागणी दादाला ठाऊकच नव्हती. ती ठाऊक असलेल्या दोघांपैकी कपाटाची किल्ली एकाकडेच. मग त्यांनी खणातून प्रूफ काढलं.

"सह्या चाळीस, पण हात एकच. प्रत्येक ‘ळ’ची शेपटी उलटी वळलेली. आणि खाली तुमच्या शेऱ्यातला ‘वेळ’ बघा."

अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. हे बाहेर गेलं तर स्पर्धा गेल्या, सगळं शहर तुमच्या नावानं बोटं मोडेल, असं ते म्हणाले.

"मोडू देत."

त्या सरळ सभागृहात गेल्या आणि तोवर येऊन बसलेल्या समितीच्या पुढ्यात प्रूफ ठेवलं. प्रमुखांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तलावाकडे जायचा रस्ता विचारला. तिथं एकाही घरानं सही केलेली नव्हती. दादासाठी बोलावलेल्या पोलिसांच्या गाडीतून अध्यक्ष गेले.

स्पर्धा दुसऱ्या शहराला मिळाल्या. पुढे भाजी घेताना शेजारणीनं टोमणा मारलाच, "तुमच्यामुळे गेलं हो सगळं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

"हो. माझ्यामुळेच."