चार मीटर खाली

लेफ्टेरीने जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारची पेटी दोरीने ओढत तिसरी फेरी सुरू केली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीच्या माळावर डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. परवा रांकोच्या ओपल रत्नांच्या खाणीचं छत बसलं होतं आणि रांको आत होता. कुठे पोकळी उरली असेल तर तिच्यात हवा असेल. ती शोधायची आणि तिथे भोक पाडायचं, एवढंच काम.

रांकोचा थोरला भाऊ मिलोये ड्रिलच्या ट्रकला टेकून उभा होता. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"दिसलं का रे काही? शाळा सोडून हे असले पडदे बघायला शिकलास ना?"

लेफ्टेरी ओशाळून हसला. "दिसतंय, मिलोयेकाका."

पेटीवरच्या पडद्यावर काळा डाग होता. पोकळी, चार मीटर खाली.

पुढे उपसलेल्या मातीचा दोन पुरुष उंच ढीग होता. वर चढलं की पोकळी ढिगाच्या उंचीएवढी आणखी खोल दिसायला हवी. तो चढला. चार मीटर. उतरून वीस पावलं बाजूला गेला. चार मीटरच.

"यंत्र बिघडलंय बहुतेक."

"आण इकडे." मिलोयेने दोरी घेतली आणि पेटी स्वतः ओढली. पडदा कोरा. सगळी जमीन घट्ट. मग पेटी लेफ्टेरीच्या बुटांना टेकली आणि डाग उमटला. आता तीन मीटर.

लेफ्टेरीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जुन्या खाणींची उघडी तोंडं होती. या माळावर न बघता कुणी पाऊल मागे टाकत नाही. तो सावकाश वळू लागला.

"हलू नकोस!"

"काका, ते... माझ्या मागे मागे येतंय."

"भाऊ आहे तो माझा. तू हललास की तोही हलेल. मग मी भोक कुठे पाडू?"

मिलोयेने ट्रक पुढ्यात आणून लावला. शेवटची वाटही बंद झाली. बुटांपासून वीतभरावर ड्रिल फिरू लागलं. गरम दगडाचा वास सुटला. पाच मीटर गेलं तरी कोरडी, घट्ट मातीच वर आली.

पडद्यावर दोन मीटर. मग एक.

"येतोय," मिलोये म्हणाला आणि त्याने ड्रिल बंद केलं.

"काका, मला जाऊ द्या..."

"जरा थांब, पोरा. हात जोडतो."

अर्धा मीटर. शून्य. जमीन जरासुद्धा हलली नाही. लेफ्टेरीने सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं. वजा अर्धा, म्हणजे जमिनीच्या वर. त्याचे गुडघे गार पडले. वजा एक. पोटात काहीतरी जड बसलं.

मिलोयेने पडद्यावरची नजर काढली आणि लेफ्टेरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"रांको?" त्याने अगदी हळू विचारलं.

लेफ्टेरीला नाही म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि बारीक पांढरी माती हनुवटीवरून खाली सांडू लागली.