करंजांची ओळ

फाल्गुनातली सकाळ होती. कृष्णेच्या काठावर काटेसावर लाल फुलली होती. पहिल्यांदाच पक्षी पाहायला आलेली दहा-बारा माणसं घाटाच्या पायरीपाशी जमली, तेव्हा पक्षी-अभ्यासक इरफान मुजावर यांनी प्रत्येकाच्या कानात एकेक 'खगकर्ण' बसवला. हरभऱ्याएवढं यंत्र, पण पाखराच्या हाकेचा अर्थ मराठीत सांगणारं.

"दुर्बिणीची घाई नको," मुजावर म्हणाले. "आज नुसते कान द्या."

प्रभावती आवटी लेकीच्या आग्रहाने आल्या होत्या. अभियंता म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडत नसत. झुडपातला बुलबुल कर्कश ओरडला आणि त्यांच्या कानात शब्द आला, 'मांजर.' खरोखरच पलीकडून मांजर निघून गेलं. लेक ऋजुता हसली आणि उत्साहाने पुढे झाली.

दगडी बांधापाशी एक कावळा घोगरं, तुटक ओरडला. खगकर्ण म्हणाला, 'अर्थ अपुरा.' मग दुसरा कावळा आला, तिसरा आला. बघता बघता बांधावर रांग लागली.

मुजावर थबकले. "ही हाक फक्त याच काठावर ऐकू येते. मोठे कावळे पिल्लांना शिकवतात. कुणा एका माणसाची ती खूण आहे, एवढंच आम्हांला कळलंय. माणूस कोण, ते नाही."

प्रभावतीबाई मागे राहिल्या. माणसं पुढे गेली, कावळे मात्र हलले नाहीत.

"सर, इथे करंजांची ओळ होती," त्या हळूच मुजावरांना म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. या बांधाच्या कामासाठी मी तोडायला लावली. ज्येष्ठात."

"घरट्यांत पिल्लं असतील तेव्हा."

"होती. मुकादम म्हणाला होता, पंधरा दिवस थांबू. मी थांबले नाही."

मुजावरांनी कावळ्यांच्या पायांतली, जन्मवर्षानुसार घातलेली रंगीत वाळी न्याहाळली. "यातला एकही चार वर्षांहून मोठा नाही, ताई. यांनी तुम्हांला आज पहिल्यांदा पाहिलंय."

प्रभावतीबाईंनी पुन्हा एकदा त्या रांगेकडे पाहिलं. बाकीच्यांची सकाळ नासायला नको म्हणून त्या पायऱ्या चढून रस्त्यावर गेल्या. खाली कावळ्यांचा गलका थांबला. त्यांनी कठड्याला टेकून श्वास सोडला.

तेवढ्यात ती हाक पुन्हा उठली. त्यांनी वाकून पाहिलं. कावळे पुढच्या वळणावर गेले होते आणि ऋजुताच्या डोक्यावर घिरट्या घालत होते. तेच कपाळ, तीच हनुवटी. लेक आईच्या वळणावर गेलीय, असं सगळेच म्हणत. मुजावर तिच्याकडे धावत होते.

आता खगकर्णाला पुरता अर्थ लागला होता. प्रभावतीबाईंच्या कानात तो शांतपणे एकच शब्द सांगत राहिला, 'तीच. तीच. तीच.'

खालून ऋजुताने डोक्यावर ओढणी धरून वर पाहिलं. तोच शब्द तिच्याही कानात वाजत असणार.

"आई," तिने विचारलं, "मी यांचं काय केलंय?"