रामाजींच्या डब्यातली नोट

डबा उघडला आणि श्रावणने बोंबच ठोकली. नोट नव्हती!

जॉर्ज बादशहाचं चित्र असलेली शंभराची नोट. आजोबांनी लुगडी विणून कमावलेली, मग वडील रामाजींकडे आलेली. फोटो पाहून नागपूरच्या इतवारी बाजारातला जुन्या नोटांचा व्यापारी चाळीस हजार म्हणाला होता. आज तो स्वतः नंदनवन वस्तीतल्या घरी येणार होता. त्याचा निरोपही श्रावणने काल रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवला होता: नोट पुसू नका, सरळ करू नका, आहे तशीच द्या.

श्रावणचा संशय ठरलेला. बायकोचा, म्हणजे शामलाचा, भाऊ वैभव. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागल्यापासून तो इथेच राहत होता. श्रावणने त्याची बॅग थेट फाटकाबाहेर ठेवली. शामला रडून रडून बेजार. शेवटी तिनेच शेजारच्या पुष्पलताबाईंना बोलावलं. बाई पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या, जीभ मात्र अजून ड्युटीवर होती.

"डब्यात नोट हाये हे कोणाले माहीत?"

"सगळ्यायले," श्रावण म्हणाला. "पण फोटो यानंच काढला, भावही यानंच विचारला."

"चोरी करणारा घरभर भाव सांगत फिरते काय गा?"

बाई शामलाकडे वळल्या.

"काल घरात आणखी काही झालं काय वं, शामला?"

"काही नाही काकू. दुपारी भाताची पेज काढून ठेवली होती, ते कोणीतरी नेली. अन् इस्त्रीले काहीतरी चिकटलं. सकाळी ह्यायचा शर्ट खराब झाला."

"इथं नोट गेली अन् हे पेजेचं घेऊन बसली!" श्रावण खेकसला.

बाईंनी इस्त्री उलटी करून नखाने खरवडली. पांढरा, वाळलेला पापुद्रा निघाला.

"वैभव, काल दुपारी घरी कोण होतं?"

"मी होतो. रात्रपाळी करून आलो होतो, झोपलो होतो. अन् हे रामाजी मामाजी."

"इस्त्री कोणी लावली?"

वैभवने मान खाली घातली. "मले नाही माहीत."

"पाहा! खोटं बोलून राहिला!" श्रावण उसळला.

"बोलून तर राहिला," बाई म्हणाल्या. "पण कोणासाठी?"

खाटेवर रामाजी बसले होते. समोरचा चहा गार झालेला.

"रामाजी, लुगडं बाजारात न्याच्या आधी तुम्ही काय करत होते?"

"खळ देत होतो." ते बोलून गेले. "बिनखळीच्या कापडाले कोण भाव देते?"

बोलताबोलताच त्यांचे डोळे भरले.

"घ्या, झाला उलगडा," बाई म्हणाल्या. "नोट मळकी, चुरगळलेली. दुपारी रामाजीनं ते धुतली, पेजेची खळ दिली, इस्त्री फिरवली. चार पैसे जास्त येतीन म्हणून. अन् रात्री जेवतानी व्यापाऱ्याचा निरोप ऐकला!"

रामाजींनी बंडीच्या आतल्या खिशातून नोट काढली. पापडासारखी कडक, आणि बादशहाचं नाक इस्त्रीला चिकटून गेलेलं.

"वाट लावली मी नोटेची," ते म्हणाले. "पण त्याहून मोठं पाप सकाळी केलं. याची बॅग बाहेर गेली अन् मी बसून पाहिलं." ते वैभवकडे वळले. "तुनं मले पाहिलं होतं ना, पोरा?"

"हो, मामाजी. इस्त्री फिरवतानी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मी काय, दुसरी खोली पाहून घेतली असती. तुमाले याच घरात राहाचं हाये."

रामाजी ढसाढसा रडायला लागले. श्रावणला मेव्हण्याकडे बघायची हिंमत होईना.