बटण दाबण्याआधीचं चित्र

थांबा

पडद्यावर हवामानाचा नकाशा. बाकी काही नाही.

अक्काआजीने रेकॉर्डरचं बटण दाबलं होतं. केतकीने स्वतः पाहिलं होतं. लाल दिवा लागलाही होता. मग रेकॉर्डरमध्ये शलाकाआत्या का नव्हती?

अक्काआजी म्हणजे केतकीच्या बाबांची आत्या. जालन्याला एकटी राहायची. शलाकाआत्या तिची लेक, चंद्रावरच्या तळावर काम करणारी. रविवारी तळावरून थेट प्रक्षेपण (घडतं तेव्हाच दिसणारं चित्र) यायचं, आणि त्यात तिथली माणसं थोडा वेळ कॅमेऱ्यासमोर बसायची. कधी बसतील ते ठरलेलं नसे. पुन्हा ते कोणी दाखवत नसे.

"पुढचा रविवार शेवटचा," अक्काआजी म्हणाली. "मग ती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार. तिथून पृथ्वी दिसत नाही म्हणे. सहा महिने चित्र नाही."

"मग परत येईलच की ती, आजी."

"ती येईल गं. मी असेन, नसेन. तिचा चेहरा घरात असावा, एवढंच."

केतकीला सुट्टी होती, म्हणून ती आजीकडे आली होती. दोघी नवा रेकॉर्डर बघायला दुकानात गेल्या.

निवडा

दुकानात एक यंत्रमानव होता. मुलं त्याला सांगकाम्या म्हणत.

"वय?" त्याने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"मग एकच बटण असलेला रेकॉर्डर. मोठं बटण. मोठी अक्षरं."

"घरी आहे तो एकाच बटणाचा आहे," अक्काआजी म्हणाली. "बटण मला दिसतं, कळतं आणि दाबताही येतं. माझं वय काय विचारतोस? माझ्या हातांना विचार."

हातांना काय विचारायचं, हे सांगकाम्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मागे

केतकीने मनातल्या मनात कालचा रविवार उलटा फिरवला.

आजी बटण दाबते. त्याआधी? हात धुते. त्याआधी? तव्यावर काहीतरी तडतडतं. त्याआधी...

"आजी! तू दृष्ट काढत होतीस!"

"मग? लेक एवढ्या लांब. सगळं जग बघतंय तिच्याकडे. दृष्ट नको काढायला?"

शलाकाआत्या पडद्यावर आली की अक्काआजी मुठीत मीठ-मोहरी घ्यायची. पडद्यावरून ओवाळायची, डोळे मिटून पुटपुटायची. ती मूठ तापलेल्या तव्यावर टाकायची. मग हात धुवायची आणि मग बटण. तोवर शलाकाआत्या निघून गेलेली असायची.

"या रविवारी मी दाबते ना बटण," केतकी म्हणाली.

"नको. माझ्या लेकीचं चित्र मी ठेवणार."

केतकी सांगकाम्याकडे वळली. "आजीचे हात रिकामे होईपर्यंत सगळं होऊन जातं. होऊन गेलेलं ठेवणारा रेकॉर्डर आहे?"

सांगकाम्याचे डोळे दोनदा लुकलुकले. "आहे. पण तो कुणी मागत नाही. त्याची गोष्ट समजावून सांगावी लागते."

"सांग की मग," अक्काआजी खुर्चीवर बसली. "सांगण्यासाठीच तुला ठेवलंय ना?"

साठवा

"चित्र म्हणजे आकड्यांची रांग," सांगकाम्या म्हणाला. "प्रत्येक ठिपक्याचा रंग किती, उजेड किती, ते आकड्यांत. रेकॉर्डर ते आकडे लिहून ठेवतो. तुमचा जुना रेकॉर्डर बटण दाबल्यावर लिहायला लागतो. हा बटणाची वाट बघत नाही. सारखा लिहीतच असतो."

"मग भरून जाईल!" केतकी म्हणाली.

अक्काआजीने पिशवीतून जपमाळ काढली. "ही भरते का? फिरतच राहते."

"तेच!" सांगकाम्या म्हणाला. "समजा, एका मण्यात एक मिनिट मावतं. पहिला मणी भरला, दुसरा, तिसरा. एकशे आठ मणी संपले की पुन्हा पहिला. त्यातलं जुनं पुसायचं, नवं लिहायचं. याला बफर (तात्पुरती, फिरती साठवण) म्हणतात. म्हणजे मागचे साधारण पावणेदोन तास कायम हातात असतात. बटण दाबलं की ते यंत्राला सांगतं, पुसणं थांबव. माळेत आहे ते कायमचं ठेव."

"म्हणजे बटण सुरुवात करत नाही," केतकी सावकाश म्हणाली. "विसरणं थांबवतं."

"बरोबर. अट एकच. ते चॅनेल आधीपासून लावलेलं हवं."

"ते सकाळपासूनच लावते मी," अक्काआजी म्हणाली. "दुसरं आहे काय बघायला?"

नोंद

रविवार. नवा रेकॉर्डर पडद्याला जोडलेला होता.

शलाकाआत्या आली. अक्काआजीने मूठ भरली, डोळे मिटले, पुटपुटली. केतकीचा हात बटणाकडे गेला. तिने तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

तवा. तडतड. नळाचं पाणी.

पडदा बदलला. तळ गेला, हवामान आलं.

अक्काआजीने पदराला हात पुसले. बटण दाबलं.

चालू

आधी काहीच झालं नाही. मग पडद्यावर चित्रं सरसर मागे धावली. हवामान गेलं. तळ परत आला.

शलाकाआत्या.

आजूबाजूची माणसं हात हलवत होती, हसत होती. ती एकटीच हलत नव्हती. हात गुडघ्यांवर, मान किंचित खाली. दृष्ट काढून घ्यायला लहान मूल पाटावर बसतं तशी. मूठ ओवाळून होईल इतका वेळ ती तशीच बसून राहिली. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे बघून हसली.

"आजी, तिला माहीत होतं!"

इतके रविवार हे अक्काआजीने पाहिलंच नव्हतं. तेव्हा तिचे डोळे मिटलेले असायचे.

"आजी, चंद्राभोवती फिरणारा उपग्रह दोन्ही बाजूंवरून जातो ना? मग पलीकडे असताना शलाकाआत्याचं चित्र त्याने माळेत भरून घ्यायचं आणि अलीकडे आला की आपल्याकडे सोडायचं. मी मोठी झाले की बनवीन."

"बनव," अक्काआजी म्हणाली. "आता मागे घे. ती बसते तिथपासून."