दोन हात

मोसमाची ही अखेरची शर्यत. तीत पहिल्या दहांत यायचे, एवढ्याच ध्यासाने रेनान्तेने आपली शिडाची फळी पाण्यात ढकलली. थायलंडच्या आणि व्हिएतनामच्या समुद्रावर विंडसर्फिंगच्या साऱ्या शर्यतींत तो मागेच राहिला होता. आता पाणी घरचे होते. दहांत आला, तर पुढच्या वर्षी फिलिपिन्सच्या संघात जागा. नाही तर पुन्हा पर्यटकांच्या फळ्या धुणे.

"तोतो, पोरा, एवढं मोठं शीड?" कुया दिंदो ओरडला. "अमिहान वारा चिडलाय आज! उडून गेलास तर पलावान बेटावर उतरल्यावर कळव हं!"

"कुया, तुम्ही आपली कंबर सांभाळा!"

थोरल्या भावाच्या मानाने ज्याला तो 'कुया' म्हणे, त्या दिंदोनेच त्याला पाण्यावर उभे राहायला शिकवले होते. आज मात्र दोघे प्रतिस्पर्धी. आपल्याला कोणी ओलांडले की एक हात हलवून त्याला चिडवत निरोप द्यायचा, ही दिंदोची जुनी खोड साऱ्या बेटाला ठाऊक होती.

भोंगा वाजला! ईशान्येचा अमिहान शिडांत भरला आणि पाचूसारख्या उथळ पाण्यावरून फळ्या सुटल्या. काळ्या खडकाला वळसा घालेपर्यंत समुद्राचा रंग गर्द निळा झाला होता. लाटा माणसाहून उंच होत होत्या, हात भरून आले होते. रेनान्ते अकरावा होता. पुढे दिंदो.

अचानक दिंदोचे शीड दिसेनासे झाले.

पुढच्या लाटेच्या पोटात ते आडवे पडले होते. शेजारी एक डोके. फळी नव्हती! आणि दोन्ही हात वर जात होते, खाली येत होते.

'चिडवतोय,' रेनान्तेने स्वतःला बजावले. या खेळात सारेच पडतात, सारेच उठतात. पडलेल्यासाठी कोणी थांबत नाही. तो सुसाट पुढे निघाला. दहावा!

पण निरोपाचा हात एकच असे. हे त्याला पहिल्या क्षणीच कळले होते. कळूनही तो लाटांमागून लाटा ओलांडत राहिला. अखेर मागे पाहिले, तेव्हा पाण्यावर काहीच दिसेना.

तो वळला. मोठ्या शिडाने त्याला उचलून आपटले! खारे पाणी नाकातोंडात गेले. तो पुन्हा चढला, पुन्हा पडला. तिरक्या वाटेने वाऱ्याविरुद्ध चढत राहिला. एक लाट ओसरली आणि डोके दिसले.

"कुया! माझ्या फळीचा पट्टा धरा!"

"शिडाचा खालचा सांधाच तुटला रे... फळी गेली..." दिंदोचे ओठ निळे पडले होते.

"शीड सोडा आधी!"

"नवं आहे. बायको जीव घेईल!"

"कुया, सोडा!"

त्याने ते सोडले. दोघे एकाच फळीवर पोटावर पडून राहिले. रेनान्तेने मदतीचा नारिंगी झेंडा उंच धरला. बांबूच्या पंखांची बांका, बचावाची होडी, लाटांतून येताना दिसली, तेव्हा त्याचा हात बधिर झाला होता.

किनाऱ्यावर टाळ्या पडत होत्या. प्रत्येक टाळीने त्याची मान आणखी खाली जात होती.

पंच बाई म्हणाल्या, "बुडत्यासाठी शर्यत सोडणाऱ्याला त्याची जागा परत मिळते. तू वळलास तेव्हा दहावा होतास. संघात आलास, पोरा!"

दर्यावर्दींचा तो नियम होता, न्याय्य होता. फक्त 'हो' म्हणायचे होते.

"नको," रेनान्ते पुटपुटला. "यांना ओलांडूनच मी दहावा झालो. हात दिसले होते मला. तरी गेलो पुढे."

टाळ्या थांबल्या. टॉवेलात गुंडाळलेला दिंदो वाळूकडे पाहत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पुढे गेलास तेव्हा तुझ्या शिडावरचा नंबर वाचला होता मी."

मग टॉवेल घट्ट ओढून तो घरच्या वाटेला लागला.

काही दिवसांनी, किनाऱ्यावर पर्यटकांच्या फळ्या धुताना, रेनान्तेला ओळखीची हाळी ऐकू आली. उसन्या शिडावर दिंदो वाऱ्यासारखा समोरून गेला आणि जाता जाता त्याने हात हलवला. एकच.

रेनान्ते खाली पाहून फळी घासत राहिला. शीड दूर, पांढऱ्या पिसाएवढे झाले, तेव्हा कुठे त्याचाही हात वर गेला.