डाव्या हाताचं वय

ही गोष्ट दोन हजार चव्वेचाळीस सालची. तोवर घरोघरच्या संगणकांचे कीबोर्ड गेले होते आणि त्यांच्या जागी गुळगुळीत काळी पाटी आली होती. जुन्या माणसांना तिचं केवढं अप्रूप! बटणं दाबता दाबता विसरलेलं अक्षर पुन्हा बोटांत आलं. पाटीवर लेखणीने लिहावं, की भाजी दारात, बँकेचं काम पुरं. वेगळी सही लागत नसे. शब्दांबरोबर संगणक लिहिणारा हातही ओळखायचा. जोर कुठे पडला, लेखणी कुठे उचलली, कुठे किती थबकली, सगळं तो टिपायचा. याला हस्तपडताळा म्हणत.

मिरजेच्या चारुशीला खटावकर तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. नवरा गेल्यापासून आपल्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं लिहिलं, 'मेथी, दोन जुड्या.' एक स्वतःला, एक समोरच्या दारातल्या जुबेदा मुल्लाला. दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या.

पडद्यावर उत्तर आलं: 'प्रत्येक अक्षरापूर्वी हात अडखळतो. स्मरणशक्ती ढासळत असल्याची शक्यता. यापुढील सर्व व्यवहार तन्मय खटावकर यांच्या संमतीने होतील.'

पाठोपाठ पुण्याहून तन्मयचाच फोन.

"आई, मलाही कळवलंय त्यांनी. घाबरू नकोस. तू इकडेच ये ना राहायला. फ्लॅटचं बघू आपण."

"फ्लॅटचं काय बघायचंय? आहे तिथेच आहे तो."

"तसं नाही गं. उद्या गॅस चालू राहिला, म्हणजे?"

गॅस कधीच चालू राहिला नव्हता. पण त्या दिवशी चारुशीलाबाई पुन्हा पुन्हा उठून शेगडी पाहून आल्या.

दुपारी जुबेदा आली. "काय गं चारू, मेथी अजून पेरायचीय का?"

चारुशीलाबाईंनी नुसता पडदा दाखवला. जुबेदाने तो दोनदा वाचला. "लिही बघू माझ्यासमोर." बाई लिहू लागल्या. जुबेदा अक्षराकडे पाहतच नव्हती, हाताकडे पाहत होती.

"अगं, हे तर तू पहिलीपासून करतेस! लिहायच्या आधी थांबतेस. रिबीन विसरलीस?"

विसरतील कशा? मुलीने डाव्या हाताने लिहिणं अशुभ, असं आईनेच शाळेत येऊन सांगितलं होतं. मग शिक्षिका छोट्या चारूच्या वेणीची लाल रिबीन सोडून तिचं डावं मनगट बाकाच्या दांडीला बांधत. जुबेदा मधल्या सुट्टीत गाठ सैल करायची. उजवा हात लिहायला शिकला, पण प्रत्येक अक्षराआधी त्याला दुसऱ्या हाताची वाट पाहायची सवय लागली ती लागलीच. जुबेदा सोडली तर माणसांच्या ते कधी लक्षात आलं नाही. माणसं अक्षर वाचतात, मधलं थांबणं कोण वाचतं? हस्तपडताळ्याची नवी आवृत्ती मात्र ते वाचत होती. आणि ती शिकली होती हल्लीच्या हातांवरून, ज्यांना कुणी बांधलं नव्हतं.

पडताळणी केंद्रातली मुलगी फोनवर गोड बोलली. "आजी, रिबिनीची नोंद मी कुठे घेऊ? असं करा, डाव्या हाताने लिहून पाठवा. तिथे अडखळला नाहीत, तर झालं काम."

"अहो, सत्तर वर्षं त्या हाताने एक रेघ ओढली नाही मी."

"हरकत घ्यायला महिना आहे ना आजी. सराव करा."

सराव जुबेदाच्या जेवणाच्या टेबलावर चाले. सुरुवातीला लेखणी डाव्या हातात घेतली, की बाईंची नजर आधी दाराकडे जाई. "कुणी येत नाही, लिही," जुबेदा म्हणे. "येईल कोण? गेल्या सगळ्या." मग एक दिवस तो हात सुटला आणि अख्ख्या पाटीवर पळत गेला. अक्षरं वाकडी, टपोरी, पण मध्ये कुठे श्वास घेतलेला नाही. चारुशीलाबाईंना इतका आनंद झाला, की त्या लाजल्याच.

महिना भरल्यावर त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, 'माझं घर माझ्याकडे राहू द्या.'

'अडखळ नाही. हात निःशंक,' पडदा म्हणाला. जुबेदाने टाळी वाजवली. तेवढ्यात पुढची ओळ उमटली: 'हा हात पूर्वी नोंदलेला नाही. लिहिणाऱ्याचे वय अंदाजे सात. अल्पवयीन. पालकांची संमती आवश्यक. पालक: तन्मय खटावकर.'

जुबेदा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग मैत्रिणीचा चेहरा पाहून तिने घाईघाईने डोळे पुसले.

तन्मयने स्वतः तक्रार केली. तिची चौकशी अजून चालू आहे. त्या गोड मुलीला बढती मिळाली. तन्मयने आईला मिरजेतच राहू दिलं. तिचं प्रत्येक वाक्य आधी त्याच्याकडे जाई आणि तो कामाच्या गडबडीत, न वाचताच संमती देई. चौथ्या हिवाळ्यात जुबेदा गेली. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

त्यानंतरही चारुशीलाबाई डाव्या हाताने, टपोऱ्या अक्षरांत लिहीत राहिल्या, 'मेथी, दोन जुड्या.' एक दिवस तन्मयने ते पहिल्यांदाच नीट वाचलं आणि फोन केला.

"आई, दोन कशाला? एकटी तर आहेस."

चारुशीलाबाई क्षणभर थांबल्या. ते थांबणं विसरण्याचं होतं की आठवणीचं, हे पुण्यात बसून त्याला कोण वाचून दाखवणार होतं?